गॅस लागला त्या दिवशीचा केसपेपर: उपचार आणि भरपाईची वाट

संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत माझं एक टेबल आहे. पीएफचे फॉर्म, ईएसआयचे म्हणजे कामगार विम्याचे अर्ज, अपघाताचे जबाब लिहून द्यायचे, हाच उद्योग. दोन-तीन वर्षांपूर्वी हिंगोलीकडचा एक पोरगा आला होता. ठेकेदाराकडे हेल्पर. रात्रपाळीत कुठल्याशा लाइनचा गॅस्केट फुटला, डोळे आणि घसा जळला. सुपरवायझरने त्याला गेटबाहेरच्या दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, खोलीवर सोडलं. चार महिन्यांनी त्याला जिना चढता येईना. घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, फुप्फुसाची तपासणी झाली. डॉक्टरांनी विचारलं, "गॅस कधी लागला? कागद दाखव." कागदावर होतं: सर्दी, खोकला, ताप. तीन शब्द. रसायनाचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही, वेळ नाही.

आजार खरा होता, पण त्या रात्रीशी तो जोडणारा कागद नव्हता. पुढचं सगळं मी या एका गोष्टीभोवती लिहितोय.

या कागदाला एवढं महत्त्व का, त्याला वैद्यकीय कारण आहे. क्लोरीन, अमोनिया, आम्लाच्या वाफा असं काही एकदाच जोरात छातीत गेलं तर काही जणांना दम्यासारखा आजार जडतो. डॉक्टर त्याला 'रॅड्स' म्हणतात. तो ठरवताना ते तीन गोष्टी प्रामुख्याने बघतात: आधी श्वासाचा त्रास नव्हता, गॅस लागल्यापासून २४ तासांच्या आत त्रास सुरू झाला, आणि तो निदान तीन महिने टिकला. आता बघा, यातली मधली गोष्ट फक्त पहिल्या दिवशीच्या केसपेपरवरूनच सिद्ध होते. नंतर कितीही मोठ्या डॉक्टरकडे गेलात तरी तो दिवस परत आणता येत नाही.

पहिला तास

वारा कुठून येतोय ते बघा आणि गॅसच्या ढगाला आडवं जाऊन वाऱ्याच्या वरच्या बाजूला निघा. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो खड्ड्यात, तळघरात, नालीत साचतो, म्हणून उंचावर जा. अंगावरचे कपडे काढून टाका, साबण-पाण्याने अंग धुवा. डोळे उघडे धरून किमान १५-२० मिनिटं साध्या पाण्याने धुवा. दूध, ताक, चिंचेचं पाणी पाजू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. आमच्याकडे प्रत्येक गल्लीत एक जाणकार असतो आणि त्याला हेच सुचतं.

टाकीत किंवा गटारात माणूस पडलेला दिसला तर त्याच्यामागे उतरू नका. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून दुसरा उतरतो, मग तिसरा. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गेले. वरून दोर टाका, अग्निशमन दलाला बोलवा, १०८ लावा.

शेतात फवारणी करताना विषबाधा झाली असेल तर औषधाची बाटली, निदान तिचं लेबल, पेशंटबरोबर दवाखान्यात गेलंच पाहिजे. लेबलवर घटकाचं नाव आणि विषावरचा उतारा दोन्ही छापलेलं असतं. डॉक्टरला विषाबद्दल माहिती हवी असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या टोल-फ्री क्रमांकावर आहे.

दवाखान्यात काय लिहून घ्यायचं

शक्य असेल तर सरकारी दवाखाना गाठा. संभाजीनगरात घाटी, बाकी ठिकाणी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरी, लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था, नाहीतर जवळचं जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालय. खासगी दवाखाना जवळ असेल तर आधी तिथेच जा, जीव महत्त्वाचा. तातडीच्या पेशंटला आधी पोलिसांकडे जा म्हणून परत पाठवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय.

डॉक्टर "काय झालं?" विचारतील, तेव्हा "खोकला येतोय" म्हणून थांबू नका. सरळ सांगा: अमुक कंपनीत, अमुक प्लांटमध्ये, इतक्या वाजता, अमुक गॅस लागला, इतकी मिनिटं आत होतो, त्यानंतर हा त्रास सुरू झाला. रसायनाचं नाव माहीत नसेल तर रंग, वास, ड्रमवरचं लेबल, जे आठवेल ते सांगा. कारखान्यात प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक असतं, कामगार त्याला एमएसडीएस म्हणतात. कुठल्याही सोबत्याला त्याचा फोटो काढून पाठवायला सांगा. मग "एमएलसी करा" असं स्पष्ट म्हणा. एमएलसी म्हणजे पोलिसांना दिलेली वैद्यकीय खबर. 'पोलिस केस' ऐकूनच घरचे घाबरतात. एमएलसी झाली म्हणून कोणी लगेच तुरुंगात जात नाही, पण त्या कागदाला नंबर आणि तारीख मिळते, आणि नंतर तो कोणाला बदलता येत नाही.

केसपेपरवर तुमचं म्हणणं काय उतरलंय ते तिथेच वाचा. वाचता येत नसेल तर सोबतच्याला वाचायला सांगा. "कंपनीत गॅस लागल्याची माहिती पेशंट देतो" एवढी एक ओळ असली तरी पुरे. बिडी, तंबाखू, जुना दमा, टीबी, जे असेल ते खरं सांगा. लपवलेलं नंतर कंपनीच्या वकिलाला सापडतंच, आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

रक्त-लघवीचे नमुने त्याच दिवशी द्या. अनेक रसायनांच्या खुणा काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत शरीरातून निघून जातात. फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फेट विषासाठी कोलिनेस्टरेजची तपासणी करतात. ॲनिलीनसारख्या रसायनाने ओठ-नखं निळी पडली असतील तर मेथेमोग्लोबिन बघतात. डॉक्टरांना हे शिकवायला जाऊ नका, पण "सर, नमुना जपून ठेवता येईल का?" असं विचारायला हरकत नाही.

घरी येण्याची घाई

क्लोरीन, फॉस्जिन, नायट्रोजनच्या ऑक्साइडचे पिवळे-तांबडे धूर यांची एक वाईट सवय आहे. सुरुवातीला घसा खवखवतो, मग बरं वाटतं, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून निदान एक दिवस देखरेखीखाली राहा. कीटकनाशकाच्या पेशंटचं आणखी वेगळं: ॲट्रोपिन या औषधाने तो शुद्धीवर येतो, जेवायला मागतो, घरचे म्हणतात चला गावाकडे. पण एक ते चार दिवसांत काहींची मान उचलणं बंद होतं, श्वासाचे स्नायू सैल पडतात. अशा वेळी व्हेंटिलेटर लागतो, आणि तो गावात नसतो.

पुढचे तीन महिने तारखेची शिस्त हवी. डोळे जळले असतील तर आठवड्याच्या आत नेत्रतज्ज्ञाला दाखवा. छातीचा त्रास असेल तर एक्स-रे, ऑक्सिजनचं प्रमाण आणि पीएफटी, म्हणजे फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी. पहिल्या महिन्यात एकदा, तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा, मग सहा महिन्यांनी. आपली पोरं बरं नाही वाटलं की गावाला निघून जातात आणि उपचाराची साखळी तुटते. गावाला गेलात तरी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, जुनी फाइल दाखवा, नवी नोंद करून घ्या. "अमुक तारखेच्या गॅस अपघातानंतर श्वास लागतो" ही ओळ प्रत्येक केसपेपरवर आली पाहिजे.

उपचाराचा खर्च

पगारातून ईएसआय कापला जात असेल तर आधी तिकडे जा. पगार २१,००० पर्यंत असलेल्या कामगारांना ही योजना लागू आहे. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात. संभाजीनगरात चिकलठाण्याला ईएसआय रुग्णालय आहे. कामावरच्या दुखापतीसाठी अमुक महिने हप्ते भरले असावेत अशी अट नाही. कामाचा पहिलाच दिवस असला तरी हक्क आहे. मालकाने फॉर्म १२ म्हणजे अपघात अहवाल पाठवला का, तेवढं बघा. पाठवला नसेल तर स्वतः शाखा कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. काम करता येत नसेल त्या काळात सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं.

एक गैरसमज इथेच काढतो. अपंगत्वाचं स्वावलंबन कार्ड काढा म्हणून अनेक जण सांगतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत फुप्फुसाचा आजार नाही. डोळे गेले असतील, मज्जासंस्थेवर परिणाम झाला असेल तर कार्ड जरूर काढा. दम लागण्यासाठी मात्र त्या रांगेत वर्ष घालवू नका.

ईएसआय नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आता रेशनकार्ड असलेल्या सगळ्यांना ती लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, आधी त्याला भेटा, मग बिलाच्या खिडकीकडे जा. चौकशीसाठी १५५३८८. भरती झाल्यावर पैसे भरून नंतर योजनेत घालू, असं कोणी म्हणालं तर तसं होत नसतं.

भरपाईसाठी कोणाचं दार

तुम्ही कोण आहात यावर दार ठरतं. सगळी दारं एकदम ठोठावू नका.

ईएसआयचे कामगार असाल तर भरपाई ईएसआयकडूनच. त्याच दुखापतीसाठी मालकावर कामगार भरपाईचा वेगळा दावा चालत नाही. ठेकेदाराने हप्ता भरला नाही, असं कळलं तर गप्प बसू नका. तो गुन्हा तुमचा नाही, आणि ईएसआय महामंडळ मालकाकडून वसुली करू शकतं.

ईएसआय लागू नसेल तर कामगार भरपाई. १९२३ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, तरी गाभा तोच आहे: मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, दुखापत कामातून आणि कामाच्या काळात झाली एवढं दाखवायचं. काही आजार त्यात व्यवसायजन्य म्हणून आधीच नोंदलेले आहेत. ठेकेदाराचा माणूस असलात तरी मूळ कंपनी हात झटकू शकत नाही. दावा दोन वर्षांच्या आत करा. हिशेब कसा निघतो बघा: कामगार ३० वर्षांचा, पगार १५,००० धरला, आणि मृत्यू झाला, तर निम्मा पगार ७,५०० गुणिले वयाचा गुणांक २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. पूर्ण कायम अपंगत्वाला निम्म्याऐवजी ६० टक्के पगार धरतात. उपचाराचा खरा खर्च वेगळा मिळतो, म्हणून औषधाचं एकही बिल फेकू नका. त्यासाठी कामगार न्यायालयात किंवा कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा.

तुम्ही कंपनीत कामाला नाही, शेजारच्या वस्तीत राहता, तर रस्ता जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. १९८५ साली दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम नावाचं जहाल आम्ल गळलं. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की धोक्याचा धंदा करणाऱ्याला कोणतीही पळवाट नाही, नुकसान झालं की भरपाई द्यायचीच. त्यानंतर १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. अपघातापासून पाच वर्षांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. मूळ अनुसूचीत मृत्यूला फक्त २५,००० आणि उपचारांना १२,५०० पर्यंत होते, सध्याची रक्कम तिथेच विचारून घ्या. ही तातडीची मदत आहे, पूर्ण भरपाई म्हणून ती धरू नका.

पूर्ण भरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणारं न्यायालय. मराठवाड्याचं खंडपीठ पुण्यात. २०१० च्या कायद्याप्रमाणे इथेही मर्यादा पाच वर्षांची. भरपाई मागितली तर मागणीच्या एक टक्का, किमान १,००० रुपये फी असते, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ आहे. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेतं. ७ मे २०२० ला विशाखापट्टणममध्ये स्टायरीन गळून १२ माणसं गेली, तेव्हा त्याने दुसऱ्याच दिवशी कंपनीला ५० कोटी रुपये जमा करायला सांगितले होते. वस्तीने मिळून एकच अर्ज करावा. त्यासाठी हवा-पाण्याचे नमुने घेतले गेल्याचा पुरावा लागतो. म्हणून गळतीच्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी तक्रार आणि ईमेल. विहिरीचा रंग बदलला, जनावर मेलं, पीक करपलं, तर तलाठ्याचा पंचनामा आणि जनावराचं शवविच्छेदन. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्याला पंचनाम्याची किंमत शिकवावी लागत नाही. गॅसला मात्र पडलेल्या भिंती नसतात, म्हणून पंचनामा करायला कोणी आपणहून येत नाही.

शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा त्यात बसते. मृत्यूला २ लाख. फक्त आजारी पडण्याला पैसे नाहीत, हेही लक्षात घ्या. वय १० ते ७५, सातबारावरचा शेतकरी आणि कुटुंबातली एक व्यक्ती. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीने माणसं गेली तेव्हा मजुरांचा प्रश्न समोर आला. सातबारा नसलेला फवारणी मजूर या योजनेबाहेर राहतो, त्याने कामगार भरपाईचा विचार करावा.

सेप्टिक टँक आणि गटारातल्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला रक्कम १० लाखांवरून ३० लाख केली. कायमचं अपंगत्व आलं तर किमान २० लाख, इतर अपंगत्वाला किमान १० लाख. गावात हे कोणाला माहीत नसतं, आणि ग्रामपंचायतवाले २० हजार देऊन मोकळे होतात.

बँकेचं पासबुकही उघडून बघा. वर्षाला २० रुपये कापले गेले असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख.

सह्या

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस फळं घेऊन येतो. पाकिटात रोख असते आणि सोबत स्टॅम्पपेपर. "माझी काही तक्रार नाही, मी स्वखुशीने..." त्यावर सही करू नका. कायद्याने मिळणारा हक्क अशा करारातून सोडता येत नाही, पण सही झाली की भांडण वर्षभर लांबतं. उपचाराचे पैसे दिले तर घ्या, पावतीवर फक्त "उपचारासाठी मिळाले" लिहा. मृत्यूच्या भरपाईचे पैसे मालकाने घरच्यांच्या हातात न देता सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायचे असतात. विधवेच्या नावावर पैसे आले आणि दिराच्या खात्यात गेले, हे मी दोनदा पाहिलंय.

मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनाशिवाय अंत्यविधी करू नका, आणि व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवायला सांगा. पोलिसांत फिर्याद देताना भारतीय न्याय संहितेचं कलम २८६, म्हणजे विषारी पदार्थाबाबतचा निष्काळजीपणा, लावायची मागणी करा. व्हिसेराचा अहवाल महिनोन् महिने येत नाही. पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक आपत्तीचे बळी आणि औद्योगिक कामगार दोन्ही आहेत, त्यांना मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

हे सगळं एवढं स्वतः का करायचं? अमेरिकेत २००१ च्या न्यूयॉर्क हल्ल्यातल्या धुळीने आजारी पडलेल्यांसाठी सरकारने कायदा करून आरोग्य कार्यक्रम सुरू केला, ठरलेल्या आजारांची यादी केली आणि तो २०९० पर्यंत वाढवला. भोपाळमध्ये १९८४ च्या रात्रीनंतर १९८९ साली ४७ कोटी डॉलरचा समझोता झाला. सुमारे पावणेसहा लाख दावे मान्य झाले आणि बहुसंख्यांच्या हातात आधी फक्त २५,००० रुपये आले. जादा भरपाईची सरकारची याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. एवढ्या मोठ्या दुर्घटनेतही आजारी माणसाला कागद दाखवावा लागला. आपल्या गळतीची तर बातमीही दुसऱ्या दिवशी विसरली जाते.

फाइल

एक साधी प्लास्टिकची फाइल घ्या. त्यात त्या दिवसाचा केसपेपर, एमएलसी नंबर, डिस्चार्ज कार्ड, तपासण्या, बिलं, ओळखपत्र, गेटपास, पगार स्लिप, आणि त्या पाळीतल्या दोन सोबत्यांची नावं. पगार रोखीने मिळत असेल तर हजेरीचा फोटो किंवा सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज. हे मोबाइलवरून घरच्यांनाही पाठवून ठेवा. मशीनमधून निघणाऱ्या थर्मल पावत्यांची छपाई उडते आणि लॅमिनेशनच्या उष्णतेने तो कागद काळा पडतो, म्हणून लॅमिनेशन नको, झेरॉक्स काढा.

दवाखान्याकडून नोंदी मागण्याचा हक्क आहे, अर्ज दिल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. मात्र दवाखान्याने नोंदी तीन वर्षंच जपायच्या असतात. सरकारी कार्यालयातला तपासणी अहवाल माहिती अधिकारात १० रुपयांत मागता येतो, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. दवाखान्याला देण्याचा अर्ज असा:

मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
मी दि. ____ रोजी ____ वाजता आपल्या रुग्णालयात दाखल झालो होतो. कामाच्या ठिकाणी ____ हा गॅस/रसायन लागल्याने मला त्रास झाला. माझा नोंदणी क्रमांक ____ , एमएलसी क्रमांक ____ . मला माझा केसपेपर, तपासणी अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि एमएलसी नोंदीची साक्षांकित प्रत ७२ तासांत मिळावी. प्रतींचे शुल्क भरण्यास मी तयार आहे.
नाव, पत्ता, मोबाइल, सही, तारीख.

दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.